शेलार आबांचे एक्केचाळीस उंबरे

शेलार आबा कुठलीही यादी बोटानं वाचत. हॉटेलातला पदार्थांचा फळा असो, स्टँडवरचं एसटीचं वेळापत्रक असो, नाहीतर लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची नावं असोत. उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर टेकायचं आणि सावकाश खाली सरकायचं. शेवटच्या ओळीशी ते क्षणभर थांबायचं, खाली अजून काही असेल या आशेनं, आणि मग आबा हात मागं घ्यायचे. आमच्या दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या काचेवर डाव्या बाजूला एक उभा पिवळा पट्टा उमटू लागला. तो हळदीचा होता. रोज सकाळी मी तो पुसायचो आणि दुपारी तो परत जागेवर असायचा.

हळद त्या दुकानात सगळ्यालाच लागलेली होती. सांगलीच्या पेठेत भाऊसाहेबांचं ते जुनं दुकान. हळद, बेदाणा, मसाले, साताऱ्याचे कंदी पेढे, महाबळेश्वरचा मध आणि जाम, माणदेशी घोंगडी, माधवनगरचे टॉवेल असा माल आम्ही टपालानं बाहेरगावी पाठवत असू. मी मूळचा साताऱ्याचा. हिशेब आणि पत्रव्यवहार माझ्याकडे होता. आबा पार्सलं बघत. ते चोवीस वर्षं लष्कराच्या टपालात होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी सुताराकडून मागच्या भिंतीला छत्तीस कप्प्यांची मांडणी करून घेतली होती. पार्सल हातात आलं की ते पत्ता वाचत, डोळे मिटत आणि दोन-तीन सेकंदांनी ते बरोबर एका कप्प्यात टाकत. मी एकदा विचारलं, डोळे कशाला मिटता? म्हणाले, "जाऊन येतो की सायेब. वाट न्हाई गावली तर परत आणता येतं."

मी चार महिने मोजलं. चुकलेली पार्सलं दोन, आणि दोन्ही वेळा पत्ता लिहिणाऱ्याचीच चूक होती.

नव्व्याण्णव सालच्या सुरुवातीला भाऊसाहेबांच्या पुण्यातल्या भाच्यानं टुमणं लावलं, की आता दुकान इंटरनेटवर काढा. एक पोरगेला इंजिनिअर पुण्याहून एका दिवसासाठी आला आणि त्यानं सगळं दाखवलं. पानाच्या डाव्या अंगाला शीर्षकांची एक यादी होती. तिला तो मेनू म्हणत होता. गिऱ्हाईक शीर्षक दाबणार, खाली पोटशीर्षकं उघडणार, त्यातून माल सापडणार. ही यादी आम्हीच इथून बदलायची होती. प्रत्येक नोंदीला पाच गोष्टी भरायच्या: नाव, दोन ओळींचं वर्णन, ती कुणाच्या पोटात येते, तिचा अनुक्रमांक, आणि शेवटी एक छोटा चौकोन. चौकोनात खूण केली तर गिऱ्हाइकाला दिसणार. खूण काढली तर दिसणार नाही, पण आत राहणार.

भाऊसाहेब म्हणाले, "मेनू? आपण काय खानावळ काढतोय का?"

इंजिनिअरनं आमच्या छापील दरपत्रकावरून चौदा शीर्षकं घातली होती. आबा त्याच्या खुर्चीमागे उभे होते. बोट काचेवरून चौदाव्या ओळीपर्यंत गेलं, थांबलं.

"बाळ, ह्यात माणूस शिरणार कुठनं?"

"होमपेजवरून, काका."

"ते तुझं झालं रं. त्याचं घर कुठं हाय?"

पोरग्यानं माऊस परत पहिल्या शीर्षकावर नेला. आबा शांतपणे म्हणाले, "वाट सांगायची तर त्याच्या दारातनं निघायचं. आपल्या दुकानातनं न्हाई. पत्ता वाचणारा बी आपल्या दारातनंच निघतो."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुढे किती वेळा ऐकलं याचा हिशेब ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

सांगलीत दुपारी दुकानं बंद असतात. दोन ते चार फोन मोकळा असायचा, म्हणून इंटरनेटचं काम त्याच वेळात व्हायचं. अर्धं शटर खाली, आत पिवळसर अंधार, पोत्यांवर झोपलेले हमाल, आणि फोन जोडला जाताना होणारी ती लांबलचक शीळ. आबा म्हणत, घाटाखाली इंजिन उभं राहिल्यागत वाटतं. पान वरून खाली हळूहळू उमटायचं आणि आबा ते बसच्या खिडकीतून बघितल्यासारखं बघत राहायचे.

मेनूची परीक्षा घेण्याची त्यांची एक पद्धत होती. कुणालाही धरून आणायचं, खुर्चीत बसवायचं, एक वस्तू सांगायची आणि आपण गप्प उभं राहायचं. कितीदा दाबलं ते मी मोजायचं. पहिला मान भाऊसाहेबांच्या पत्नीचा, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनींचा.

"वैनी, ह्यातनं मेतकूट काढा बघू."

"मी घरात करते की मेतकूट. मला कशाला बसवताय?"

"तुमी नागपुरात हायसा असं समजा. अंगात ताप हाय. मऊ भात टाकलाय."

"अगंबाई, आणि करायला कुणी नाही?"

"कुणी न्हाई."

वहिनींचा चेहरा खरोखरच उतरला. त्यांनी मसाले दाबलं, चटण्या दाबलं, परत मागे आल्या, लोणची दाबलं. आबा पुतळ्यासारखे उभे. सातव्यांदा दाबल्यावर मेतकूट 'पिठे' या शीर्षकाखाली सापडलं.

"पिठात? आवो आबा, मेतकुटाची काय भाकरी थापायची? नागपूरची बाई उपाशी मरेल तोवर!"

त्या आठवड्यात चौदाची आठ शीर्षकं झाली. मेतकूट 'भाताबरोबर' या नव्या नावाखाली गेलं आणि चटण्यांतही राहिलं. एकच वस्तू दोन ठिकाणी मला खटकत होती. आबा म्हणाले, "एका घराला दोन वाटा असल्या म्हणून घर दोन होत न्हाईत." महिनाभरानं मी सगळा माल तपासला. तीनपेक्षा जास्त वेळा दाबावं लागेल अशी एकही वस्तू उरली नव्हती.

आबा माझ्यावर रागावले ते एकदाच. मे महिन्यात कंदी पेढे पार्सलात टिकत नाहीत, म्हणून मी ती नोंद काढून टाकली आणि तसं त्यांना सांगितलं.

"काढलं का झाकलं?"

"काढलं. माल नाही तर नोंद कशाला?"

"सायेब, न्हाई म्हणून काढायचं न्हाई. झाकून ठेवायचं. हंगाम येतो की परत." मग म्हणाले, "काढायला एक बोट लागतं. घालायला सगळा जलम आठवावा लागतो."

पेढ्यांच्या एका नोंदीसाठी हे जरा जास्तच होतं, असं मला तेव्हा वाटलं.

त्याचं कारण मला पावसाळ्यात कळलं. पार्सलांना सुतळी बांधता बांधता त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचं गाव सायघळ, महाबळेश्वरच्या डोंगराखालच्या खोऱ्यातलं. ते फौजेत भरती झाले तेव्हा गाव होतं. अडीच वर्षांनी पहिली मोठी सुट्टी मिळाली. सुट्टीच्या पासावर गावाचं नाव टाइप केलेलं. साताऱ्याच्या स्टँडवर ते बसमध्ये चढले आणि कंडक्टरला म्हणाले, एक सायघळ.

"त्यानं तक्ता काढला. वरनं खाली बोट फिरवलं. म्हणाला, फौजी, त्या नावाचं तिकीट न्हाई आता. मी म्हणलं, आवं, माझ्या पासावर हाय की! तर म्हणाला, पासावर आसंल. पाणी आलं तिथं. धरणाचं."

"घरून कुणी कळवलं नव्हतं?"

"कोण कळवणार? लिवणारं गुरुजी आधीच गेलं. घरं पांगली. कुणी विट्याकडं माळावर, कुणी मुंबईला, कुणी पार लोणंदच्या फुडं. मी तेच काम करत हुतो सायेब, फौजेत. दुसऱ्यांची पत्रं पोचवायचं."

त्यांनी सुतळी दातानं तोडली आणि पार्सल कप्प्यात टाकलं. डोळे मिटून.

मेनूच्या अगदी तळाशी एप्रिलपासून एक शीर्षक दिसत होतं: सायघळ. अनुक्रमांक नव्व्याण्णव, म्हणजे कितीही शीर्षकं वाढली तरी ते शेवटी राहणार. त्याच्या पोटात एकच वस्तू होती, नाचणीचे पापड. ते विट्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीत धोंडाबाई नावाची त्यांच्याच गावची म्हातारी करत असे.

भाऊसाहेबांनी ते बघून विचारलं होतं, "हवालदार, नकाशात नाही ते गाव आपल्या मेनूत कसं?"

"पापड हायत की भाऊसाब."

"पापड वसाहतीतनं येतात."

"लाटणारी सायघळची हाय."

भाऊसाहेब हसले आणि विषय सुटला. गणपतीनंतर धोंडाबाईचे हात थरथरू लागले, पापड थांबले, आबांनी त्यावरची खूण काढली. शीर्षक मात्र तसंच राहिलं. दाबलं की पांढरं पान उघडायचं.

दिवाळीच्या आधी भाऊसाहेबांनी मला सांगितलं, "जोशी, रिकामी शीर्षकं काढून मेनू साफ करा. गिऱ्हाईक पांढऱ्या पानावर आलं की परत जातं." ते खरंच होतं. आबा चार दिवस रजेवर होते. मी कामाला बसलो. एकूण नोंदी किती हे आधी लिहून ठेवलं: एकशे सत्त्याऐंशी. रिकामं शीर्षक एकच निघालं. पडद्यावर त्याच्या पोटात काही दिसत नव्हतं. झाकलेल्या नोंदी बघायच्या तर आणखी एक बटण दाबावं लागे. एरवी मी ते दाबतो. त्या दिवशी चार वाजत आले होते, फोन सोडायचा होता, आणि आत झाकलेले पापडच असणार हे मला माहीत होतं. ते परत येणार नव्हते. आबांचा नियमही मला माहीत होता. पण मला मालकांनी सांगितलं होतं. यंत्रानं इंग्रजीत विचारलं, नक्की काढायचं का. मी हो म्हटलं.

मग सवयीनं एकूण आकडा बघितला. एकशे पंचेचाळीस.

शीर्षक एक, पापड एक, म्हणजे दोन कमी व्हायला हवे होते. कमी झाले होते बेचाळीस. मी परत मोजलं. हातानं, ओळ न् ओळ. बेचाळीसच. त्या प्रोग्रामात वरचं काढलं की त्याच्या पोटातलं सगळं जातं, हे इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. मी पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, माझ्याकडे मार्चची प्रत आहे. त्यात हे शीर्षकच नाही."

आबा सोमवारी आले. डब्याची पिशवी खुंटीला अडकवत होते.

"आबा, मी सायघळ काढलं. भाऊसाहेबांनी रिकामी शीर्षकं काढायला सांगितली होती. आतलं मी बघितलं नाही. एकूण बेचाळीस नोंदी गेल्या. परत येत नाहीत."

त्यांचा हात खुंटीवरच राहिला.

"बेचाळीस?"

"हो. शीर्षक धरून."

"म्हंजे सगळीच." ते पोत्यावर बसले. म्हणाले, "एक्केचाळीस उंबरं हुतं गावात. धोंडाबाईचं पापड त्यातलंच एक. एक एक करून घातलं हुतं. कोण कुठं ऱ्हायचं, कुणाकडं काय चांगलं व्हायचं, आता कुठं गेल्यात. झाकूनच ठिवलं हुतं. कुणाला तरास न्हवता त्याचा."

सात महिने दोन ते चारच्या वेळात आबा दोन बोटांनी काय टाइप करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, हंगामाचा माल.

मी म्हणालो, "आबा, चूक माझी आहे."

"चूक हायच." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग उठले, सुतळीचं बंडल घेतलं. "पर पयल्यांदा गेलं तवा कुणी येऊन सांगितलं बी न्हवतं. तुमी आकडा घिऊन आलासा."

मी भाऊसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं आणि परत भरायची परवानगी मागितली.

"त्यानं धंद्याला काय?"

"काही नाही. झाकलेलं राहील. गिऱ्हाइकाला शीर्षकसुद्धा दिसणार नाही."

"मग मला कशाला विचारता? मला तरी कुठं दिसणार आहे?"

वेळ मात्र थोडा होता. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि डिसेंबर अखेर ते काम सोडून वसाहतीत पुतण्याकडे राहायला जाणार होते. पहिल्या तारखेपासून मेनू पुण्याहूनच चालणार होता. तोवर जे आत असेल तेवढंच राहील, असं इंजिनिअरनं सांगितलं. आबांना आता पडद्यावरची अक्षरं नीट दिसत नव्हती. म्हणून मी टाइप करणार आणि ते सांगणार.

त्या दुपारी मी विसरलेलो नाही. आबा पोत्याला टेकून बसत. डोळे मिटत. बोट टेबलाच्या फळीवर ठेवत आणि ते हळूहळू पुढे सरकू लागे.

"निघालो दारातनं. डाव्या हाताला गणू सुताराचं. ताक घुसळायची रवी त्यानं करावी. आता विट्याकडं माळावर, वसाहतीत. त्याच्या वर बायजाबाईचं, फणसपोळी. पोरगा मुंबईला, गोदीत. लिवलं?"

"लिहिलं."

"आता चढ हाय. जरा दमानं."

आणि खरंच त्यांचा श्वास लांब व्हायचा. बोट मंद व्हायचं. बाहेर पेठेत सायकलची घंटा वाजली तरी ती फार लांबून आल्यासारखी वाटायची. एकदा बोट मध्येच थांबलं.

"काय झालं आबा?"

"कुत्रं हाय पाटलाचं. जाऊ द्या म्होरं."

मी कळांवर हात ठेवून थांबलो. माझ्यासारखा माणूस, जो रिक्षाचं मीटरसुद्धा दरपत्रकाशी ताडून बघतो, तो सांगलीच्या दुकानात बसून चाळीस वर्षांपूर्वीचं कुत्रं जायची वाट बघत होता.

"गेलं. घ्या. पाटलाचं घर. मध."

नऊ दुपारी लागल्या. शेवटचं घर ओढ्याकाठचं, परटाचं. आबांनी डोळे उघडले.

"चाळीस झाली," मी म्हणालो.

"एक्केचाळीस हायत."

"मी दोनदा मोजलंय आबा."

"तुमी मोजलं म्हंजे बरूबरच आसंल. पर हुती एक्केचाळीस. तुमचाच आकडा हाय, बेचाळीसातनं एक गेला तर किती?"

ते खरं होतं. माझाच आकडा माझ्याविरुद्ध उभा होता. आबा दुसऱ्या दिवशी देवळाकडून निघाले आणि घराकडे आले. चाळीस. तिसऱ्या दिवशी ओढ्याकडून वर चढून दाराशी पोचले. चाळीस. मी सगळी नावं वाचून दाखवली, ते प्रत्येकाला मान हलवत गेले. त्यांचा चेहरा मला बघवेना. माल चुकला तर पार्सल परत येतं. घर चुकलं तर कुठून आणायचं?

"एक माणूस भायेर ऱ्हायला सायेब," ते म्हणाले. "सगळी आत, आणि एकजण भायेर उभा. कोण ते ध्येनात येईना."

शेवटच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. त्यांनी आपलं सामान पार्सलासारखं बांधलं होतं, सहा गाठोडी, प्रत्येकावर खडूनं पत्ता. वसाहतीचा. विट्याची बस लागली. ते खिडकीशी बसले, मी खाली उभा. कंडक्टर पुढून तिकिटं फाडत येत होता. आबांचं बोट खिडकीच्या गजावर वरून खाली फिरत होतं. मला कळलं, ते अजून चालतच होते.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आबा, घरी पोचलात की पत्र टाका."

"टाकतो."

बसचं इंजिन सुरू झालं. गजावरचं बोट थांबलं. त्यांनी खाली माझ्याकडे बघितलं, पण नीट दिसत नसणार.

"सायेब! आमचं घातलं का?"

"काय तुमचं?"

"आमचं घर, आमचं! शेलाराचं!"

चाळीस नावं मला तोंडपाठ होती. त्यांत शेलार नव्हते.

"नाही आबा. नाही घातलं."

"दारातनं निघालो की! आन् परत दारातच आलो! मग लागंल कसं वाटंत?" आणि ते हसू लागले. पंधरा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. शेजारचा माणूस सरकून बसला.

बस मागे सरकू लागली. मी बरोबर चालत ओरडलो, "आबा, तुमच्याकडं काय चांगलं व्हायचं?"

ते काहीतरी म्हणाले. इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. त्या दुपारी मी ती नोंद भरली. नाव: शेलार. सायघळच्या पोटात. अनुक्रमांक एक. काय चांगलं व्हायचं, ती जागा मी रिकामी सोडली, कारण ऐकलं नाही ते लिहिण्याची मला सवय नाही. चौकोनात खूण केली नाही. एकूण आकडा बघितला: एकशे सत्त्याऐंशी.

पण ते सगळं नंतर. स्टँडवर बस वळली तेव्हा खिडकीच्या गजांतून आबांचा हात बाहेर आला होता. चार बोटं मिटलेली आणि एक उभं. त्यावर हळद होती. बस फाटकातून बाहेर पडेपर्यंत ते बोट तसंच उभं होतं.